तिसरा मणका

भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर आईची कंबर लावून ठेवली होती. डॉक्टरांनी पेनाचं टोक कमरेच्या शेवटच्या मणक्यावर टेकवलं. "हा बघा, हा पाचवा. खालच्या त्रिकास्थीला एका बाजूने जुळून गेलाय. काही लोकांना जन्मापासूनच असतं असं. आजी, तुमचं दुखणं याच्यामुळेच आहे असं नाही बरं का. वरची गादी झिजलीय." आई खुर्चीत पुढे सरकून बघत होती. स्वतःच्या आतलं तिने असं समोर मांडलेलं कधी पाहिलं नसावं. "म्हणजे मला एक मणका कमी आहे?" तिने विचारलं. "कमी कशाला? आहे की. फक्त तो कमरेत मोजायचा का खालच्या हाडात, एवढाच प्रश्न." मग गोळ्या लिहून झाल्या, शेक घ्यायला सांगितलं, कमरेच्या पट्ट्याचं माप घेतलं, पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. आईचं समाधान झालं होतं. माझ्या डोक्यात मात्र ते शेवटचं वाक्य अडकून बसलं.

परत येताना रिक्षात ती एकदम बोलायला लागली. "तरीच. तुझी आजी म्हणायची, हिची कंबर लोखंडाची आहे." तिचं माहेर आणि सासर दोन्ही कृष्णाकाठचं. घाटाच्या पायऱ्या चढून पाणी आणायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, घागरीवर कळशी, कडेवर आणखी एक भांडं. संध्याकाळी मळ्यातून वैरणीचा भारा. लग्न, बाळंतपणं, सुगी, काहीही असो, यातलं काही चुकलं नाही. आता तिला वाटत होतं की त्या जुळलेल्या मणक्यामुळेच हे सगळं पेललं. डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते. अशा मणक्याच्या वरच्या गादीवर उलट जास्त ताण येऊ शकतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला अडवलं नाही. तिने वाहिलेल्या ओझ्याबद्दल आजवर कुणी चार शब्द बोललं नव्हतं, आणि आज तिला त्याचा हाडात लिहिलेला दाखला मिळाल्यासारखं वाटत होतं. मला बरंही वाटलं आणि घशाशी काहीतरी दाटूनही आलं.

आणि त्याच वेळी मला व्हेनेझुएलातला एक केमन आठवत होता.

केमन म्हणजे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या नद्यांतलं मगरीसारखं जनावर, अ‍ॅलिगेटरच्या घराण्यातलं. आपल्या कृष्णेतल्या मगरीने तोंड मिटलं तरी खालच्या जबड्याचा एक दात बाहेर दिसत राहतो. केमनचा वरचा जबडा रुंद असतो, त्याखाली खालचे दात झाकले जातात. आज हयात असलेल्यांत सगळ्यात मोठा अ‍ॅमेझॉनमधला काळा केमन, चार-पाच मीटरचा. मला आठवलेला पुरुसॉरस हा त्याच्याच घराण्यातला, फार पूर्वी होऊन गेलेला. ब्राझीलच्या आक्रे राज्यात मिळालेली त्याची एक कवटी सुमारे १.४ मीटर लांब आहे. नुसती कवटी. तिच्या नाकपुडीच्या जागी हाडात जे प्रचंड भगदाड आहे, ते फोटोत पाहिलं की नजर तिथेच खिळते. आजच्या कुठल्याच केमनचं नाक असं नाही. थुंकीसारखे सगळे शब्द तोंडात सुकून जावेत असं ते डोकं आहे. त्याला नाव दिलं जुआओ बार्बोझा रॉड्रिग्स यांनी, १८९२ मध्ये, पुरुस नदीवर मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यावरून. ते खरे वनस्पतिशास्त्रज्ञ, ऑर्किड आणि ताडांच्या अभ्यासात रमलेले. पुढे तो मूळ तुकडाच हरवला. एवढ्या मोठ्या प्राण्याची नोंद ज्यावरून झाली, ती वस्तू आज बघायला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

पुरुसॉरसचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो तो लांबीचा. २०१५ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी त्या आक्रेच्या कवटीवरून हिशेब मांडला: १२.५ मीटर लांबी, ८.४ टन वजन, चाव्याचा जोर ६९,००० न्यूटन, रोजचं खाणं सुमारे ४० किलो. जिवंत मगरींत मोजलेला सगळ्यात जबर चावा खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा, सोळा हजार न्यूटनच्या थोडा वर. म्हणजे त्याच्या चौपट. मग २०२२ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने वेगळ्या रीतीने मोजलं आणि मोठ्यातल्या मोठ्या पुरुसॉरसची लांबी दहा मीटरच्या आसपास आणून ठेवली. कवटी मोठी असली की धड त्याच प्रमाणात वाढतं असं नसतं, हा त्यातला मुद्दा. हे छापून आलं तेव्हा अनेकांचा विरस झाला. माझा झाला नाही. डोक्यावरून धडाचा अंदाज करायचा तर आकडा सरकणारच. मला अस्वस्थ करते ती आपली सवय. लांबी किती, वजन किती, चावा केवढा, एवढं विचारून झालं की आपण त्या जनावराला सोडून देतो. इतकं वजन घेऊन ते उठायचं कसं, हे कुणी विचारत नाही.

उरुमाकोच्या हाडांनी नेमकं हेच सांगितलं.

उरुमाको हे व्हेनेझुएलाच्या वायव्येला फाल्कोन राज्यात आहे. आज तो भाग कोरडा आहे, काटेरी झुडपं, निवडुंग, उन्हाने भाजलेली माती. त्या मातीत मात्र नदीतल्या जनावरांची हाडं आहेत, आणि ती इतक्या प्रकारची आहेत की जीवाश्मांचा अभ्यास करणारे या गावाचं नाव फार आदराने घेतात. इथल्या पुरुसॉरसला २००६ मध्ये पुरुसॉरस मिरांडाय असं नाव मिळालं. पुढे झुरिक विद्यापीठाचे टॉर्स्टन शायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या एकाच सांगाड्यातली एकत्र मिळालेली हाडं तपासली आणि २०१९ मध्ये त्यावर लिहिलं. आज जगात जेवढ्या म्हणून मगरी, सुसरी, अ‍ॅलिगेटर आणि केमन आहेत, त्या सगळ्यांच्या कण्याचा शेपटीच्या आधीचा हिशेब एकच असतो: मानेचे ९ मणके, पाठीचे १५, आणि खुब्याच्या हाडाला भिडणारे २. कृष्णेतली मगर घ्या, चंबळची सुसर घ्या, फ्लोरिडाच्या दलदलीतला अ‍ॅलिगेटर घ्या, फरक नाही. त्यांच्या नामशेष झालेल्या जवळच्या नातेवाइकांतही हाच मेळ. गर्भ वाढत असताना कुठल्या मणक्याने काय व्हायचं हे हॉक्स जनुकं ठरवतात, आणि मगरींच्या कुळात त्यांची शिस्त कडक आहे. मिरांडायच्या खुब्याला मात्र तीन मणके भिडलेले होते. दोन नेहमीचे, आणि तिसरा मुळात पाठीचा, जो आपली रांग सोडून खाली कामाला आला होता. हा काही आजाराचा किंवा मोडून जुळलेल्या हाडाचा प्रकार नव्हता. तो मणका खरोखरीच भार घेत होता.

मला वाटतं, १२.५ या आकड्यापेक्षा हा ३ कितीतरी मोठा आहे.

पाण्यात वजनाची चिंता नसते, पाणीच ते उचलून धरतं. पण मगरीच्या जातीला काठाशिवाय आयुष्य नाही. ऊन घ्यायला वर यावं लागतं, आणि अंडी घालायला मादीला जमिनीवर चढावंच लागतं, त्याला दुसरी वाट नाही. काठावर आल्या क्षणी ते कित्येक टन चार आखूड पायांवर येतात आणि मागच्या पायांचा सगळा भार खुब्यातून कण्यात शिरतो. तिथे दोन मणक्यांऐवजी तीन असणं म्हणजे काय, ते चढण चढून पाणी भरलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. त्या सांगाड्यात आणखीही खुणा आहेत. खांद्याची हाडं इतर केमनपेक्षा जास्त उभी, मांडीच्या हाडाचा पीळ कमी. यावरून संशोधकांचा कयास असा की त्याचे पाय बाजूला फाकलेले कमी आणि शरीराखाली सरळ जास्त असावेत, किंवा निदान ते वजन पेलायला अधिक तयार असावेत. म्हणजे ही नुसती फुगवलेली केमन नव्हे. मोठं होताना तिचं आतलं बांधकाम बदललं होतं, तेही कोट्यवधी वर्षं कुणी न हलवलेल्या जागी.

आईच्या मणक्याची आणि या मणक्याची मी बरोबरी करत नाही. तिचा एका माणसापुरता, त्याचा कुळात रुजलेला. तिच्या बाबतीत तो कुठल्याही गरजेतून आलेला नाही, त्याने तिला बळ दिलं असं म्हणायला आधार नाही. पण कण्याच्या त्या शेवटच्या वळणावर, पाठ जिथे संपते आणि खुबा सुरू होतो तिथे, जनुकांची रेघ थोडी वर किंवा खाली सरकू शकते, हे दोन्हीकडे सारखं आहे. उजेडाच्या पेटीसमोर बसून मला पहिल्यांदा ते डोळ्यांनी दिसलं. वाचलेलं होतं ते सगळं कागदावरचं होतं. इथे एक ओळखीची कंबर होती, आणि तिच्यात तीच सरकलेली रेघ.

मग पुढचे कित्येक दिवस मी त्या कोरड्या उरुमाकोत पाणी भरून बघत होते. तिथून उत्तरेला कॅरिबियन समुद्राकडे एक मोठी नदी जात होती, आजच्या ओरिनोकोची पूर्वज. तिच्या गढूळ, संथ पाण्यात पुरुसॉरस एकटा नव्हता. ग्रिपोसुकस होता, आपल्या सुसरीच्या नात्यातला, लांब निमुळत्या तोंडाचा आणि दहा मीटरपर्यंत वाढणारा. गंगा-चंबळच्या वाळूवर आज जी मोजकी जनावरं उरली आहेत, त्यांचं गणगोत एके काळी दक्षिण अमेरिकेत नांदत होतं, हे वाचताना मला दर वेळी नवल वाटतं. मोरासुकस होता, तोही केमनच्याच घराण्यातला आणि अवाढव्य, पण तोंड चपटं, रुंद, बदकासारखं, दात बारीक. मोठी शिकार धरणं त्या जबड्याचं काम नव्हे. स्टुपेंडेमिस हे कासव होतं, जवळजवळ अडीच मीटर लांब कवचाचं, आणि नराच्या कवचाला पुढे दोन शिंगं. काठावर फोबेरोमिस, गिनीपिगच्या दूरच्या नात्यातला कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी, ज्याचं वजन सुरुवातीला ७०० किलो धरलं होतं. पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये पेरूच्या इकिटोस भागात तर १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या एकाच ठिकाणी मगरवर्गाच्या सात जाती मिळाल्या आहेत. त्यातला नॅटुसुकस नावाचा छोटा केमन चिखल उपसून शिंपले फोडून खायचा. आमच्या नदीत एकच जात, तीही दिसली की गावभर बोलणं होतं, पोरांना घाटावर जायची बंदी होते. एका पाण्यात सात जाती कशा राहत असतील? ज्याचं तोंड ज्या घासासाठी घडलं तो घास त्याचा, अशी वाटणी झाली तरच. तेवढे घास पुरवणारं पाणीही हवं. अँडीजच्या पायथ्याशी तेव्हा तळी, दलदली आणि संथ प्रवाहांचं जाळं पसरलेलं होतं, दहा लाख चौरस किलोमीटरच्या पुढे. त्याला पेबास म्हणतात. पुरुसॉरसची गोष्ट सांगताना त्या पाण्याला पार्श्वभूमी म्हणून मागे ढकलतात, ते मला पटत नाही. आधी ते पाणी होतं, म्हणून तो होता.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते नापो नदीकाठच्या एका नडगीच्या हाडाने. पेरूत २००४ मध्ये मिळालेलं, जमिनीवर राहणाऱ्या एका स्लॉथचं (आज झाडांना लटकून राहणाऱ्या त्या संथ जनावराच्या जुन्या नातेवाइकाचं), डावं हाड. हा स्लॉथ काही हत्तीएवढा नव्हे, साधारण कॅपिबाराएवढा, म्हणजे आजच्या सगळ्यात मोठ्या कृंतकाएवढा. फ्रान्स्वा पुजोस आणि रोडोल्फो सालास-गिस्मोंदी या संशोधकांनी २०२० मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्या हाडावर दातांच्या ४६ खुणा आहेत. गोल खड्डे, चिरा, चेपून आत गेलेला पृष्ठभाग. कुठेही हाड भरून आल्याची खूण नाही, म्हणजे तो त्यातून वाचला नाही. बहुधा पाणी प्यायला किंवा चिखलातून पलीकडे जायला तो काठाशी आला असेल आणि खालून पाय धरला गेला असेल. आणि दातांचं माप घेतल्यावर कळलं की हा पुरुसॉरस जेमतेम चार मीटरचा होता. अजून वाढायचा होता.

चार मीटरचं ते पोरच होतं.

हे वाचून कुणाच्या बाजूने हळहळावं ते मला समजेना. त्या नडगीत एका जिवाची शेवटची मिनिटं कोरलेली आहेत, इतकी स्पष्ट की बोट फिरवायची हिंमत होऊ नये. पण ज्याने ते केलं तोही शिकत होता. एवढं थोरलं धूड जन्मतः वितीएवढंच असणार, सगळ्या मगरींची पिल्लं तशीच असतात. बगळ्याने उचलावं, माशाने गिळावं, मोठ्या भावंडानेही सोडू नये, अशा वयातून ते कित्येक वर्षं वाट काढत आलं असणार. कोलंबियात ला वेंता नावाचे खडक आहेत, आजच्या ताताकोआ वाळवंटात. तिथल्या सेसार पेर्दोमो या स्थानिक संग्राहकाला एका अवाढव्य शिकारी पक्ष्याच्या पायाचं हाड मिळालं होतं. न उडणारा, माणसाहून उंच, स्वतःच जमिनीवरचा दरारा असलेला पक्षी. २०२४ मध्ये ते ओळखून जाहीर झालं तेव्हा त्यावरही दातांच्या खुणा निघाल्या, आणि पुन्हा संशय केमनवर, पुन्हा तोही पूर्ण न वाढलेला, पावणेपाच मीटरच्या आसपासचा. जीवाश्मांनी आपल्यासमोर ठेवलेले हे चावे त्या राक्षसाच्या भरातल्या काळातले नाहीत, त्याच्या वाढत्या वयातले आहेत. भर ओसंडून वाहणाऱ्या ताकदीचा चावा हाडावर खूण ठेवायला हाड तरी शिल्लक ठेवत असेल का, असाही विचार मनात येतो.

आज हयात असलेल्या मगरी आणि केमन यांच्या माद्या घरट्याची राखण करतात. पिल्लं अंड्यात चिवचिवू लागली की वरचा पालापाचोळा उकरतात, आणि बऱ्याच जणी पिल्लांना जबड्यात घेऊन पाण्यापर्यंत नेतात. मगरींच्या दोन्ही मोठ्या घराण्यांत ही चाल आहे, म्हणून ती त्यांच्या सामाईक पूर्वजाइतकी जुनी मानतात. तेव्हा पुरुसॉरसची मादीही हे करत असणार असं धरायला अडचण नाही. ज्या जबड्याचा जोर सात टनांच्या हिशेबात सांगतात, त्याच जबड्यात दातांच्या मधे ती वळवळणारी पिल्लं. ती पाण्यातून काठावर चढली असेल तेव्हा अंगावर टनांनी वजन होतं, आणि परत उतरताना तोंडात काही ग्रॅमचे जीव. खुब्याशी भिडलेला तो तिसरा मणका मला नेहमी या चढ-उतारात काम करताना दिसतो. चावणाऱ्या पुरुसॉरसची चित्रं पुष्कळ आहेत. पिल्लं नेणाऱ्या मादीचं चित्र कुणीतरी मन लावून काढायला हवं.

मग तो गेला. अँडीज चढत राहिला, जमीन कलली, गाळ भरत गेला, दलदलीचं जाळं तुटून नदीच्या पात्रात आकसलं आणि अ‍ॅमेझॉन पूर्वेला अटलांटिककडे वाहू लागली. उत्तरेची ओरिनोकोही बाजूला सरकली आणि उरुमाको कोरडं पडत गेलं. मायोसीन हा भूगर्भातला कालखंड संपता संपता, सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी, पुरुसॉरस, मोरासुकस, ग्रिपोसुकस सगळेच दिसेनासे झाले. लहान, मिळेल ते खाणारे केमन राहिले. यावर एक तयार निष्कर्ष नेहमी चिकटवला जातो: फार मोठा झाला, म्हणून संपला. मला तो अन्याय वाटतो. ला वेंताच्या खडकांपासून उरुमाकोच्या वरच्या थरांपर्यंत मोजलं तर हा प्राणी ७०-८० लाख वर्षं तरी तग धरून होता. आपल्या जातीला तीन लाखाच्या आसपास वर्षं झाली आहेत. त्याच्या आकारात काही चूक नव्हती. त्या आकाराला लागणारं पाणी त्याच्याखालून निघून गेलं. आजचा काळा केमन विसाव्या शतकात कातड्यासाठी इतका मारला गेला की बऱ्याच नद्यांतून नाहीसा होत आला होता, आणि तिथे तर अंगाचा आकार हे कारणच नव्हतं.

आक्रे राज्यात दरवर्षी नद्या उतरल्या की काठ उघडे पडतात आणि त्या कड्यांमधून हाडं बाहेर येतात. रिओ ब्रांकोच्या विद्यापीठात त्यांचा मोठा संग्रह आहे, ती १.४ मीटरची कवटीही तिथलीच. पण पुरुसॉरस ब्राझिलिएन्सिस, म्हणजे घराण्यातला सगळ्यात थोरला, याची ओळख अजूनही मुख्यतः कवट्या आणि जबड्यांवरच उभी आहे. हा मिरांडायपेक्षाही जड. त्याच्या खुब्यावर किती भार आला असेल आणि कण्याने त्याला काय उत्तर दिलं असेल, हे सांगायला एक धड खुबा हवा, त्याला भिडलेल्या मणक्यांसकट, एकाच जनावराचा, एकाच जागी मिळालेला. तो एखाद्या उतरत्या नदीच्या काठावर कुणाला तरी सापडावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यानंतर लांबीचा आकडा एखाद्या मीटरने वर गेला काय किंवा खाली आला काय, माझी तक्रार असणार नाही.